दुसऱ्याला वर नेणारे विमान

मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे ब्रह्मपुरीत विनाकारण कोणी घराबाहेर पडत नाही. धानाच्या बांध्या उघड्या पडलेल्या, बोड्या आटत आलेल्या, पारा पंचेचाळिसाच्या पुढे. अशा वेळी सावलीत उभे राहून मान वर केली तर आकाशात मात्र वर्दळ दिसते. घारी पंख न हलवता गोल फिरत फिरत चढत असतात. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर उठते आणि घारी त्या स्तंभात शिरून बसतात. आपला जीव नकोसा करणारे ऊन त्यांच्यासाठी फुकटचे इंधन असते.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. तेही असेच उडते. लांब, अरुंद पंख, गुळगुळीत अंग आणि वर उठणारी हवा एवढेच त्याचे भांडवल. त्याची अडचण एकच. घार पंख फडफडवून कडुनिंबाच्या फांदीवरून उडू शकते. ग्लायडरला कोणीतरी आधी वर न्यावे लागते. सह्याद्रीत डोंगराच्या कड्यावरून वाऱ्यावर सोडता येते. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे जमिनीवरचे यंत्र तार वेगाने गुंडाळते आणि पतंग ओढावा तसा ग्लायडर वर खेचला जातो. तिसरी पद्धत म्हणजे पुढे इंजिनाचे विमान, मागे दोर आणि दोराला ग्लायडर. जर्मनीत १९२७ मध्ये गेरहार्ड फीझेलर याने आपल्या विमानामागे गॉटलोब एस्पेनलाउबचा ग्लायडर बांधून हे करून दाखवले, आणि आज जगभर ग्लायडर वर नेण्याची ही नेहमीची रीत आहे.

हाच खेळ छोट्या आकारात, जमिनीवर उभे राहून, रेडिओच्या रिमोटने खेळणारे हौशी लोक जगात बरेच आहेत. ‘छोट्या’ हा शब्द इथे जरा फसवा आहे. त्यांच्या ग्लायडरचे पंख टोकापासून टोकापर्यंत चार-पाच मीटर आणि वजन आठ-दहा किलो असते. तो ओढायला लागणारे विमानही मग तसेच लागते. अडीच-तीन मीटरचे पंख, दहा-बारा किलो वजन, नाकावर ८० ते १०० सीसीचे पेट्रोल इंजिन. म्हणजे आपल्या मोटारसायकलीएवढी क्षमता. या ओढणाऱ्या विमानाला सगळे ‘टग’ म्हणतात. बंदरात मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या बोटीचे तेच नाव.

आज त्या टगविषयी लिहायचे आहे. विमान बांधणे वेगळे आणि दुसऱ्याला ओढून नेणारे विमान बांधणे वेगळे. आणि ते ब्रह्मपुरीसारख्या ठिकाणी उडवायचे म्हटले की त्यात तिसराच हिशेब येतो, उन्हाचा.

आधी ताकदीचा हिशेब करू. दहा किलोचा ग्लायडर ओढायला दहा किलोचा जोर लागत नाही. चांगला ग्लायडर वीस मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येतो, म्हणजे सरळ पातळीत ओढताना हवेचा अडथळा वजनाच्या विसाव्या भागाएवढाच, अर्धा किलो. लहान मूलसुद्धा तेवढे ओढेल. पण टगला पातळीत जायचे नसते, चढायचे असते. दहा अंशांच्या चढावर ग्लायडरच्या वजनाचा सुमारे सहावा भाग दोरावर येतो. अर्धा किलो अडथळा आणि पावणेदोन किलो चढाचे, मिळून सव्वादोन किलोच्या आसपास. बारा किलोच्या टगला स्वतःलाही चढायचे असते. त्याचे साडेतीन-चार किलो. एकूण सहा. मग शंभर सीसीचे इंजिन कशाला? कारण जागेवर उभ्या विमानाचा पंखा जितके खेचतो त्याचा बराच भाग वेग वाढताना कमी होतो. शिवाय खडबडीत मैदानावर दोन यंत्रांना एकदम पळवायचे असते, आणि काही चुकले तर हाताशी शिल्लक असावी लागते. ती शिल्लकच टगचा खरा गुण आहे.

दुसरा गुण म्हणजे संथपणा. ग्लायडरला ठरावीक वेगातच उडायला आवडते. टग फार हळू गेला तर मागचा ग्लायडर उचल गमावून कोसळतो, फार जोरात गेला तर तो पतंगासारखा टगच्या डोक्यावर चढतो. म्हणून टगचे पंख जाड आणि रुंद हवेत, हळू उडतानाही भार उचलणारे. मोठ्या विमानांच्या जगात ही गरज एका शेतीच्या विमानाने भागवली, हे मला फार आवडते. फ्रेड वाइक या अमेरिकी अभियंत्याने १९५० च्या दशकात पिकांवर औषध फवारायला ‘पायपर पॉनी’ हे विमान बनवले. भरलेली टाकी घेऊन, शेताच्या छोट्या पट्टीवरून, कमी वेगाने उडणारे. फवारणीचे दिवस संपल्यावर अशी किती तरी विमाने ग्लायडर क्लबांनी घेतली. टाकीऐवजी मागे दोर, बाकी काम तेच. आजही मॉडेलवाल्यांमध्ये टग म्हणून पॉनीची प्रतिकृती लोकप्रिय आहे.

आता ऊन. हवा तापली की पसरते, पसरली की विरळ होते. डिसेंबरच्या सकाळी ब्रह्मपुरीत बारा अंश तापमान असते तेव्हा एक घनमीटर हवेचे वजन साधारण १२०० ग्रॅम भरते. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत तीच एक घनमीटर हवा १०७० ग्रॅमच्या आसपास येते. जवळजवळ आठवा-नववा हिस्सा हवा गायब. वैमानिकांच्या भाषेत सांगायचे तर समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरवरची ब्रह्मपुरी त्या दुपारी तेराशे-चौदाशे मीटर उंचीवर जाऊन बसते. थंडगार महाबळेश्वरची उंची तेवढीच आहे! गाव जागचे हलत नाही, पण विमानाला तसे वाटते.

याचा मार तिन्ही बाजूंनी बसतो. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून ताकद कमी. पंख्याला ढकलायला हवा कमी, म्हणून खेच कमी. विमानाच्या पंखांनाही हवा कमी, म्हणून जमीन सोडायला आधीपेक्षा पाच-सहा टक्के जास्त वेग हवा. तिन्ही गोष्टी गुणल्या की थंडीत जे विमान पन्नास मीटरमध्ये उडते ते मे महिन्यात पासष्ट मीटर मागते. मागे ग्लायडर असेल तर आणखी. पट्टीच्या टोकाला बांधीचा धुरा असेल तर हे पंधरा मीटर म्हणजे विमान आणि लाकडाचा भुगा यांतला फरक. गंमत अशी, की ग्लायडरला हवे असलेले गरम हवेचे स्तंभ दुपारीच सगळ्यांत जोरदार असतात, आणि त्याला तिथवर नेणारा टग नेमका तेव्हाच सगळ्यांत अशक्त असतो.

बांधणीतही ऊन घुसते. असे विमान बाल्सा नावाच्या अतिहलक्या लाकडाचे, प्लायवूडचे आणि कार्बनच्या नळ्यांचे बनते. आपल्याकडे पहिला विचार बांबूचा येणार, गडचिरोलीचा बांबू हाताशी असताना. पतंगाच्या कामटीला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पण बांबू बाल्सापेक्षा चार-पाच पट जड. सगळे विमान बांबूचे केले तर ते स्वतःलाच उचलता उचलता दमेल. पंखाच्या कण्यात वर-खाली एकेक चीप, एवढ्यापुरता तो चालतो. सांधे इपॉक्सीने चिकटवतात. घरच्या तापमानाला सुकवलेले साधे इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान याच्याही वर जाते. म्हणजे इंजिन ज्या फळीवर बसवले आहे तिचा सांधा मैदानावर पोहोचण्याआधी गाडीतच ढिला होऊ शकतो. पंखावरची प्लास्टिकची झिल्ली सैल पडते, लिथियमच्या बॅटऱ्या फुगतात. म्हणून पांढरी चादर, उघड्या काचा आणि झाडाची सावली हीसुद्धा विमानाच्या सामानाच्या यादीत धरावी.

एकाच सिलिंडरचे इंजिन भयंकर थरथरते. पहिल्या तासाभरात ते प्रत्येक स्क्रू ढिला करायचा प्रयत्न करते. म्हणून नवे इंजिन विमान जमिनीवरच बांधून टाकीभर चालवतात आणि मग पाना घेऊन एकेक स्क्रू पुन्हा तपासतात. या कामात घाई करणारा माणूस हवेत पस्तावतो.

सगळ्यांत महत्त्वाचा भाग दिसायला क्षुल्लक असतो. दोर अडकवायचा आणि वेळ येताच सोडायचा आकडा. मोठ्या विमानांत तो शेपटीच्या टोकाला असतो आणि त्यातून एक धोका येतो. ग्लायडर चुकून टगच्या फार वर गेला तर दोर टगची शेपटी वर उचलतो, नाक खाली जाते आणि जमीन जवळ असेल तर टगच्या वैमानिकाला काही करता येत नाही. मोठ्या विमानांत या प्रकाराने टगचे वैमानिक दगावले आहेत. मॉडेलमध्ये आकडे टाकून पाहा. दोरावर दहा किलोचा ताण आहे आणि तो तीस अंश वरून येतो आहे, तर शेपटी पाच किलोच्या जोराने उचलली जाते. शेपटी गुरुत्वमध्यापासून दीड मीटर मागे असेल तर ती कलंडवणारी शक्ती साडेसात किलो-मीटर. शेपटीवरची हलती पट्टी एवढ्याला पुरी पडत नाही. तोच आकडा पंखाच्या मागच्या कडेजवळ, गुरुत्वमध्यापासून वीस सेंटीमीटरवर लावला तर शक्ती उरते एक किलो-मीटर. म्हणून जाणते लोक मॉडेल टगचा आकडा पाठीवर, पंखाजवळ लावतात. मोठ्या विमानात जे सोयीचे नाही ते छोट्यात करता येते.

आकडा रिकाम्या दोराने उघडून पाहणे पुरेसे नाही. दोराला स्प्रिंगचा काटा लावून दहा किलो ताण द्यावा आणि मग रिमोटने सोडावा. वीस वेळा सुटला पाहिजे, एकोणीस वेळा नाही. दोर पंचवीस-तीस मीटरचा असतो आणि त्यात मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवतात. गळाच्या नायलॉन दोरीचा फासा त्याला चालतो. ताण हाताबाहेर गेला की आधी तो तुटावा, पंख नव्हे. अमेरिकेत मोठ्या ग्लायडरसाठी हा दुवा ग्लायडरच्या वजनाच्या ८० ते २०० टक्के ताणात तुटावा असा नियमच आहे.

इथे थोडे थांबून धोक्याविषयी बोलू, कारण ‘खेळण्यातले विमान’ हा शब्द फार नुकसान करतो. बारा किलोचा टग ताशी ७२ किलोमीटर वेगाने येतो तेव्हा त्याच्यात २४०० जूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत १२० जूल असते. वीस वेगवान चेंडू एकदम. ६६ सेंटीमीटरचा पंखा मिनिटाला साडेसहा हजार फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी आठशे किलोमीटर होतो. फिरताना तो दिसत नाही, धुरकट चकती दिसते, आणि सवय झालेला हात नेमका तिथून पलीकडची झडप फिरवायला जातो. असा हात शल्यचिकित्सकाकडे जातो तेव्हा जोडण्यासारखे थोडेच उरलेले असते. विमान मागून दोराने खुंट्याला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, आणि सुरू झाल्यावर सगळी कामे पंख्याच्या मागून करायची. रेडिओचा संपर्क तुटला तर इंजिन आपोआप बंद पडेल अशी सोय रिमोटमध्ये असते. ती चालू केली आहे का, हे पंखा उतरवून, खरोखर रिमोट बंद करून पाहायचे असते.

तपासणार कोण, हा प्रश्न उरतो. माणूस बसणाऱ्या विमानाची गोष्ट वेगळी. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, पण नोंदणी मिळायला २०१७ उजाडले आणि धुळ्यात ते हवेत झेपावले २०२० मध्ये. मधली वर्षे अर्ज आणि परवानग्यांत गेली. रिमोटच्या विमानाला ही वाट नाही. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठी किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला बनावटीच्या प्रमाणपत्राची अट नाही. सवलत चांगली आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा, की बांधणारा तोच तपासनीस. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही हे शाळेत उत्तरपत्रिका पुन्हा वाचतानाच आपण शिकलेलो असतो. म्हणून पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी विमान दुसऱ्या जाणत्या माणसाच्या हाती द्यावे आणि आपण गप्प बसावे. नव्या विमानांचा घात करणारी अगदी साधी चूक म्हणजे तारा उलट्या जोडलेल्या असणे, डावीकडे म्हटले की विमान उजवीकडे. बांधणाऱ्याने पट्ट्या शंभरदा हललेल्या पाहिलेल्या असतात. कोणत्या बाजूला हलल्या हे पाहणारे डोळे दुसरे लागतात.

पहिले उड्डाण ग्लायडरशिवाय करायचे. वेळ सकाळची, तीही थंडीतली असेल तर उत्तम. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धान निघाल्यावर मैदान मिळते आणि हवाही दाट असते. आधी गुरुत्वमध्य. पंखाची रुंदी ४५ सेंटीमीटर असेल तर पुढच्या कडेपासून साधारण १२ ते १४ सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंना बोटे लावून विमान उचलायचे. नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपटी खाली गेली तर त्या दिवशी उडवायचे नाही, कितीही लोक पाहायला जमले असोत. नाक जड असलेले विमान नीट उडत नाही. शेपूट जड असलेले विमान एकदाच उडते.

मग वाऱ्याच्या दिशेला तोंड, इंजिनाचा जोर हळूहळू वाढवत धाव, शेपटी उचलते, चाके जमीन सोडतात. या क्षणी छाती धडधडते आणि हात नकळत काडी जोरात ओढतो, ते टाळायचे. पुरेशी उंची गाठून विमान आपोआप सरळ जाते का ते पाहायचे, डावी-उजवी ओढ असेल तर काढायची. आणि वर असतानाच इंजिन मंद करून ते किती कमी वेगात कोसळू लागते हे बघून ठेवायचे. अशा टगसाठी तो वेग ताशी चाळिसाच्या आसपास निघतो. ओढताना मग साठ-सत्तरच्या खाली यायचे नाही. पहिला दिवस इथे संपतो. उतरवून पुन्हा पाना घ्यायचा.

ग्लायडर मागे लावायचा तो नंतर, आणि आधी हलका. तेव्हा दोन वैमानिक लागतात, खांद्याला खांदा लावून उभे. रिमोट दोन, विमाने दोन, पण बोलणे एकच: “भाऊ, वर चालला, खाली घे.” “थांब, वळतो आता.” आणि शेवटी, “सोड!” वरच्या विमानातून दिसणारे काहीच इथे दिसत नाही. तीन मीटरचे विमान तीनशे मीटरवर गेले की हात लांब करून धरलेल्या तांदळाच्या दाण्याएवढे दिसते. तो दाणा आपल्याकडे येतो आहे की लांब जातो आहे, हे ओळखण्यात चांगले चांगले चुकतात. सूर्याच्या अंगाने नेले तर दिसतच नाही. उन्हात तासभर वर पाहत उभ्या माणसाचे डोके जड होते, निर्णय मंदावतात, आणि हे त्याला स्वतःला कळत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आवरावे, टोपी, गॉगल आणि पाण्याची बाटली आणावी. चक्कर, मळमळ वाटली तर रिमोट दुसऱ्याच्या हाती द्यावा. त्यात कमीपणा नाही.

दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. नकाशावर हिरव्या असलेल्या क्षेत्रातही ४०० फूट, म्हणजे १२० मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. विदेशात टग ग्लायडरला दोनशे-तीनशे मीटरवर सोडतात. इथे १२० मीटरवरून शांत हवेत ग्लायडर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे तरंगेल. आणि मे महिन्यातला एखादा गरम स्तंभ सापडलाच तर तो काही सेकंदांत मर्यादेबाहेर खेचू लागेल. तेव्हा आनंदाने वर जाण्याऐवजी पंखावरचे ब्रेक उघडून खाली यावे लागेल. घारीला हा नियम लागू नाही.

दुसरी गोष्ट जंगलाची. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ ताडोबाच्या हद्दीबाहेरही आहेत, शेतालगत आहेत, आणि मोह वेचायला गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. मैदान निवडताना जंगलाची कड चांगली दूर असावी. इंजिनाचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणूनही. तरीही ग्लायडर भरकटून झुडपात गेला, तर महिनोन्महिने खपून केलेली वस्तू असली तरी एकट्याने मागे धावायचे नाही. गावकऱ्यांना आणि वनरक्षकाला सांगावे, दिवसाउजेडी चार-पाच जणांनी जावे. नाही सापडला तर नाही सापडला.

ग्लायडर सुटला की सहसा तो एका बाजूला वळतो आणि टग दुसऱ्या बाजूला खाली झेपावतो. सगळे ग्लायडरकडे पाहत असतात. टगचा वैमानिक मात्र लोंबणाऱ्या दोरासह एक फेरी मारतो, पट्टीवरून जाताना दोर टाकतो आणि मग उतरतो, म्हणजे दोर कुठे अडकत नाही. धानाच्या धसकटात पांढरी दोरी पायाखाली आली तरी दिसत नाही. म्हणून तिच्या टोकाला लाल फडके बांधून ठेवतात.